चित्रं हयात माणसांची

बिद्री म्हटलं की कारखाना. कोल्हापूरहून गारगोटीला निघालेल्या माणसाला इथं आधी चिमणी दिसते, गळीत हंगाम चालू असेल तर मळीचा वास येतो, उसाच्या गाड्यांमागं एसटी रखडते आणि मग पुढं मुदाळ तिट्टा. अशा गावात बसून आजच्या चित्रकारांची आणि छायाचित्रकारांची ओळख करून देणारी पुस्तिका कशाला काढायची, असं ती तयार होत असताना बऱ्याच जणांनी विचारलं. काहींनी चेष्टेनं, काहींनी मनापासून. त्यातल्या बहुतेकांचं शेवटचं वाक्य एकच होतं : "आम्हाला त्यातलं काय कळतंय?" त्या वाक्याला उत्तर द्यायचं म्हणून लिहायला बसलो आणि प्रस्तावना लांबली.

कोल्हापूरला कलापूर म्हणायची आपली जुनी सवय आहे, आणि त्यात खोटं काही नाही. आबालाल रहिमान, दत्तोबा दळवी, आनंदराव आणि बाबूराव पेंटर, रवींद्र मेस्त्री, जी. कांबळे, चंद्रकांत मांडरे अशी नावं एका दमात घेता येतील असं दुसरं शहर महाराष्ट्रात, मुंबई सोडली तर, सापडणं कठीण. फक्त या नावांतलं एकही माणूस आज हयात नाही. यादी जिथं थांबते तिथून पुढं आपली जीभ अडखळते. चित्रं काढणारे कमी झालेत असंही नाही. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात कुणाचं ना कुणाचं प्रदर्शन लागलेलं असतं. आत गेलं की चित्रकाराचे मित्र भेटतात, त्याचे शिक्षक भेटतात, कॉलेजची चार पोरं भेटतात. उद्घाटनाचे पुष्पगुच्छ टेबलावर सुकत असतात. बाहेर चौकात माणसांची ही गर्दी, पण त्यातलं कुणी पायऱ्या चढून वर येत नाही.

जुन्यांच्या वाट्याला त्यांच्या हयातीत फार वेगळं आलं होतं असं समजू नये. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून आले, शाहू महाराजांनी त्यांना राजाश्रय दिला, कोटितीर्थाच्या काठी राहून त्यांनी चित्रं केली. महाराज १९२२ साली गेले, आबालाल १९३१ साली. महाराजांच्या जाण्यानं खचलेल्या आबालालांनी आपली बरीच चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, अशी आख्यायिका कोल्हापुरात सांगतात. ती खरी की खोटी हे सोडून देऊ. राजा गेल्यावर चित्र दाखवायला दुसरं कुणी उरलं नाही, हे गावाला पटण्यासारखं होतं म्हणून ती टिकली. आज त्यांची थोडी चित्रं टाउन हॉलच्या संग्रहालयात बघायला मिळतात. ती बघताना जी हळहळ वाटते, ती त्यांचे शेजारी असलेल्यांना वाटायला हवी होती.

बाबूरावांची गोष्ट आणखी बोलकी आहे. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म १८९०, मृत्यू १९५४. कुठल्याही कलाशाळेत न जाता वडिलांच्या हाताखाली लाकूड, धातू, रंग सगळं शिकले. भाऊबंदातल्या आनंदरावांबरोबर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. मग या दोघांना सिनेमाचं वेड लागलं. कॅमेरा विकत आणण्याइतका पैसा नव्हता, म्हणून तो घरीच घडवायचा घाट घातला. आनंदराव १९१६ साली अकाली गेले. बाबूरावांनी शिष्यांच्या मदतीनं तो कॅमेरा पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. पौराणिक चित्रपट धो धो चालत असताना, १९२५ साली, त्यांनी 'सावकारी पाश' काढला. सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावणारा शेतकरी त्याचा नायक, आणि ती भूमिका तरुण व्ही. शांताराम यांची.

आता त्या काळचा शेजारी डोळ्यांसमोर आणा. देवादिकांचे पडदे रंगवून चांगलं पोट भरणारा माणूस एकाएकी कॅमेऱ्याचे सुटे भाग घडवत बसतो, आणि राजा-राणीची गोष्ट सोडून कुळाची, कर्जाची गोष्ट सांगतो. शेजाऱ्यानं कपाळावर हात मारला असेल. आज एखाद्या तरुण मुलीनं माती, गवत, जुने कागद भिंतीवर मांडून हे माझं काम आहे म्हटलं की आपणही तेच करतो. वर तिला बाबूरावांची परंपरा ऐकवतो. त्या परंपरेतला निम्मा भाग अशाच खुळचटपणाचा होता हे सोयीनं विसरून!

चित्रकलेशी आपल्याकडच्या बहुतेकांची गाठ शाळेत पडते आणि शाळेतच सुटते. एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट, त्यातली श्रेणी, तिचे दहावीला मिळणारे वाढीव गुण. स्थिरचित्रातला तांब्या आणि दोन वांगी, संकल्पचित्राची पट्टी, स्मरणचित्रात बाजार नाहीतर पावसाळ्यातला बसथांबा. यात वाईट काही नाही. पुष्कळ चांगल्या चित्रकारांनी हाच रस्ता धरला आणि आपल्या भागातल्या चित्रकला शिक्षकांनी तुटपुंज्या साधनांत पोरांचे हात तयार केले. पण या परीक्षांत चित्र काढायला शिकवतात, बघायला नाही. दहा वर्षं शाळेत काढलेल्या मुलाला एकाही जिवंत चित्रकाराचं नाव ठाऊक नसतं. लेखकांची नावं निदान धड्याखाली तरी असतात.

तरी "आम्हाला कळत नाही" हे मला पटत नाही. मार्केट यार्डात गुळाचा सौदा करणारा व्यापारी रव्यासमोर, म्हणजे ढेपेसमोर, उभा राहतो तेव्हा तो रंग बघतो, कणी बघतो, जिभेवर ठेवून बघतो, आणि शेजारच्या रव्यापेक्षा हा का उजवा हे त्याला आत कुठंतरी कळलेलं असतं. कुठल्या पुस्तकातून? हजारो रवे बघून. चित्राचंही तेवढंच आहे. ज्यानं शंभर चित्रं नीट बघितली नाहीत त्याला पहिलं चित्र कळत नाही, यात लाजण्यासारखं काय? आणि उलट बाजूनं, शेतात, तालमीत, कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला काही चित्रं शहरातल्या समीक्षकापेक्षा जास्त कळतात. याचं एक उदाहरण सविस्तर देतो, कारण ही पुस्तिका निघाली ती त्यातूनच.

सेबास्तियाव साल्गादो हा ब्राझीलचा छायाचित्रकार. जन्म १९४४, निधन मे २०२५. अर्थशास्त्र शिकलेला माणूस, पुढं कॅमेरा हातात घेतला तो कायमचा. हातानं काम करणाऱ्या माणसांचे जगभर फिरून काढलेले त्याचे काळे-पांढरे फोटो 'वर्कर्स' नावाच्या जाडजूड ग्रंथात १९९३ साली आले. खाणी, गोद्या, जहाजं मोडायचे किनारे, आणि ब्राझील व क्यूबातली ऊसतोड. आपल्याकडच्या काही जणांना हे ऊसतोडीचे फोटो दाखवले. कलेची जाणकार मंडळी अशा फोटोंसमोर प्रकाशाबद्दल, रचनेबद्दल बोलतात. इथं पहिला प्रश्न आला : "ह्यांची तोंडं एवढी काळी कशानं झाली?" दुसरा लगेच : "वाडं कुठाय?"

या दोन प्रश्नांत फोटोचा गाभा आहे. ब्राझीलमध्ये हातानं तोडणी करण्याआधी फड पेटवून द्यायची पद्धत होती. पाला जळून जायचा, तोडायला सोपं जायचं, आणि तोडणारा दिवसभर राखेत वावरायचा. म्हणून तोंडं, हात, कपडे काजळी माखलेले. आपल्याकडं जनावरांना वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, लागतं, तोडकरी ते विकून चार पैसे मिळवतो, म्हणून सहसा फड पेटवत नाहीत. पेटलाच तर ती आपत्ती समजतात. फोटोतल्या माणसाच्या अंगावर कापडाचे थरच्या थर गुंडाळलेले आहेत, हातात लांब पात्याचं हत्यार आहे. आपला कोयता आखूड, बाक वेगळा, म्हणजे कमरेचं वाकणंही वेगळं. ज्यानं मोळी बांधलेली आहे तो त्या फोटोत पाच मिनिटं हरवून जातो. तो थकवा त्याच्या ओळखीचा आहे आणि ती राख अनोळखी. त्यानंतर त्याच्याशी प्रकाशाबद्दल बोललं तर तो ऐकतो. म्हणतो, "व्हय, ऊन मागनं घेतलंय, त्यामुळं माणूस काळा आन् धूर पांढरा." कलासमीक्षेतलं हे वाक्य मला कुठल्या मासिकात इतकं सरळ वाचायला मिळालेलं नाही.

आता आपल्या माणसांकडं वळू. सुधीर पटवर्धन यांचा जन्म १९४९ सालचा, पुण्याचा. पेशानं क्ष-किरणतज्ज्ञ. ठाण्यात अनेक वर्षं दवाखाना चालवला आणि त्याच्या आगेमागे चित्रं काढली. त्यांच्या चित्रांत लोकलमधली, पुलावरची, इराण्याच्या हॉटेलातली, बांधकामावरची माणसं आहेत. ती हिरोसारखी उभी राहत नाहीत आणि बिचारीही दिसत नाहीत. कामावर निघालेली दिसतात. २००१ सालच्या 'लोअर परळ' या चित्रात गिरणगाव बदलत असताना दिसतं. आपल्या भागातून, सातारा-कोकणातून किती माणसं त्या गिरण्यांत गेली आणि १९८२ च्या संपानंतर परत आली, हे ज्या घरांना ठाऊक आहे त्यांना त्या चित्राची फोड करून सांगायला लागत नाही. आजोबांची गिरणी कुठली, एवढं विचारलं की पुरतं.

पटवर्धनांबद्दल आणखी एक सांगायला हवं. चित्रं मुंबईच्या गॅलऱ्यांत अडकून पडतात याची टोचणी त्यांना होती. २००८-०९ मध्ये समकालीन भारतीय चित्रकारांची अस्सल कामं घेऊन एक फिरतं प्रदर्शन निघालं, त्याची मांडणी त्यांची होती. अमरावती, सोलापूर, नाशिक अशा गावांबरोबर ते कोल्हापुरातही आलं. मुंबईला गेल्याशिवाय दिसणार नाहीत अशी चित्रं आपल्या दाराशी आली होती. असे प्रयत्न पुन्हा पुन्हा व्हायला हवे होते, पण त्यांना पैसा लागतो, विमा लागतो, धड भिंती लागतात. आपल्या तालुक्यांत सांस्कृतिक भवनं पुष्कळ आहेत. त्यातल्या बहुतेकांत सत्कार होतात, लग्नं होतात, आणि चित्र टांगायला एक खिळा ठोकायचा म्हटला तर परवानगी मिळत नाही.

प्रभाकर पाचपुते तुलनेनं तरुण, जन्म १९८६ चा. चंद्रपूर जिल्ह्यातलं सास्ती हे त्यांचं गाव, कोळशाच्या खाणींनी वेढलेलं. खैरागड आणि बडोद्याला ते शिल्पकला शिकले, पण त्यांची ओळख झाली ती कोळशानं भिंतीवर काढलेल्या प्रचंड रेखाटनांमुळं. ज्या मातीतून गावानं कोळसा काढला त्याच कोळशाच्या कांडीनं ते गावाची गोष्ट काढतात. माणसाच्या धडावर डोक्याच्या जागी दिवा किंवा यंत्र येतं, जनावर आणि अवजार एकमेकांत मिसळून जातात. प्रदर्शन संपलं की भिंतीवरचं रेखाटन अनेकदा पुसलं जातं, हे ऐकून आपल्याकडं लोक चक्रावतात. मग त्यांना गणपतीची आरास आठवून बघा म्हणावं लागतं. २०२१ साली कार्डिफच्या आर्टेस मुंडी पुरस्काराच्या सहा मानकऱ्यांत पाचपुते होते. हा पुरस्कार मोठा आहेच. माझ्या लेखी त्याहून मोठी गोष्ट ही की जमीन खाणीत जाणं हा विषय त्यांनी निबंधासारखा न सांगता अंगावर येईल असा मांडला.

शकुंतला कुलकर्णी यांचं काम पहिल्यांदा बघणाऱ्याला कोड्यात टाकतं. त्यांनी वेताची चिलखतं विणून घेतली, ती स्वतः अंगावर चढवली आणि मुंबईतल्या सार्वजनिक जागी उभं राहून फोटो काढून घेतले. २०१२ साली हे काम प्रदर्शनात आलं. चिलखत अंगाचं रक्षण करतं की अंगाला कोंडतं, हे शेवटपर्यंत ठरत नाही. रात्रीच्या एसटीनं प्रवास करणाऱ्या कुठल्याही पोरीला हे काम दाखवा आणि काय वाटतं ते विचारा. समजावून सांगायची पाळी तुमच्यावर येणार नाही.

छायाचित्रकारांकडं येताना मराठी वाचकाला संदेश भंडारे यांच्यापासून सुरुवात करायला मी सांगेन. 'तमाशा : एक रांगडी गंमत' हे त्यांचं पुस्तक. तमाशा आपण समोरून बघितलेला असतो, किंवा बघितला नाही असं सांगत बघितलेला असतो. भंडारे कनातीच्या मागं गेले, फडांबरोबर राहिले. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचं काम वर्षानुवर्षं टिपलं. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गटारात उतरलेल्या माणसाचा फोटो बघणं सोपं नाही. तो सुंदर आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही, आणि तरी फोटो नीट घेतलेला आहे म्हणूनच आपली नजर हटत नाही. हा पेच सुटण्यासारखा नाही, आणि ओलव्यांचे फोटो बघणाऱ्यानं तो सोडवायची घाईही करू नये.

आणि मुदाळ तिट्ट्यावरून राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरलं की कणकवली. तिथले इंद्रजित खांबे. कुठल्याही संस्थेत छायाचित्रण न शिकलेले. दशावतारी कलावंत आणि कोल्हापूरच्या तालमी हे त्यांचे विषय, आणि त्यातलं बरंच काम मोबाइलवर केलेलं. तालमीतला लाल मातीचा हौद आपल्याला नवा नाही. पण कुस्तीचा फोटो म्हणजे वर्तमानपत्रातला, डाव टाकतानाचा किंवा गदा उचलतानाचा, असं आपल्या डोक्यात बसलंय. मातीनं माखलेला पैलवान नुसता बसलेला असताना काय दिसतो, हे बघायला घाट चढून कुणीतरी यावं लागलं. कोल्हापूर जिल्ह्यातच राहून पत्रकारिता आणि छायाचित्रण करणारे संकेत जैन यांचं कारागिरांवरचं कामही 'पारी'वर, म्हणजे पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या ग्रामीण भारताच्या संग्रहात, बघता येतं. तिथं पुष्कळ मजकूर मराठीत आहे आणि फुकट आहे.

फोटो आपण आज जितके बघतो तितके कुठल्याच पिढीनं बघितले नसतील. तिट्ट्यावर उभं राहून वर बघावं : वाढदिवसाच्या फलकावर मधोमध एक नेता, त्याच्या भोवती चाळीस शुभेच्छुक, प्रत्येकाचं डोकं कात्रीनं कापून चिकटवल्यासारखं, सगळ्यांच्या अंगावर वेगवेगळ्या दिशेनं पडलेला उजेड. (यातही एक कसब आहे, फलक करणाऱ्या पोरांनी पूर्वीच्या पेंटर लोकांची जागा घेतली आहे आणि त्यांच्यावर कुणीतरी स्वतंत्रपणे लिहायला हवं.) मोबाइलवर दिवसाला शेकडो फोटो अंगठ्याखालून सरकतात. यातला एकही फोटो कुणी काढला हे आपण विचारत नाही. चित्रकार सापडतो तो इथं, या प्रश्नापाशी. एखादा फोटो अंगठ्याला थांबवतो. तेव्हा खालचं नाव वाचायचं, आणि त्याच माणसाची आणखी वीस कामं शोधून बघायची. एका चित्रावरून चित्रकार कळत नाही. वीस बघितली की त्याचं खोड कळतं : हा माणसाला नेहमी पाठीमागून घेतो, ही लाल रंग टाळते, याच्या चित्रात आभाळच नसतं.

म्हणून या पुस्तिकेत प्रत्येक कलावंताला जास्त पानं दिली आहेत आणि कलावंतांची संख्या कमी ठेवली आहे. कोण सुटलं यावर वाद होईल, तो व्हावा. शैलीची, वादांची नावं शक्य तितकी टाळली आहेत. ज्यांना ती हवीत त्यांनी सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला 'शिल्पकार चरित्रकोशा'चा दृश्यकला खंड बघावा, किंवा प्रभाकर बरवे यांचं 'कोरा कॅनव्हास' वाचावं. बरव्यांचं पुस्तक सावकाश वाचायचं आहे, एका बैठकीत उरकू नये.

अस्सल चित्र समोर उभं राहून बघण्याला पर्याय नाही, हे मात्र सांगून ठेवतो. छापलेल्या चित्रात आकार कळत नाही, रंगाचा थर कळत नाही. कोल्हापूरला कामासाठी जाणं होतंच. दवाखाना, कोर्ट, बाजार उरकला की तासभर काढून राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांच्या राहत्या घराचं जे संग्रहालय झालं आहे तिथं जावं. मांडरे आपल्याला सिनेमातले ठाऊक. पावडर शेडिंगमधली त्यांची निसर्गचित्रं जवळून बघितली की रेघ कुठंच सापडत नाही. पूड बोटानं किंवा कापडानं कागदावर चोळत चोळत झाडं, पाणी, धुकं उभं केलेलं आहे. तिथून शाहू स्मारकला जावं, जे प्रदर्शन लागलं असेल ते बघावं. चित्रकार बहुधा तिथंच खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याला "याचा अर्थ काय?" विचारलं तर तो अवघडतो. "हे करायला कुठून सुरुवात केलीत?" विचारलं तर तासभर बोलतो.

राहता राहिला पुस्तिकेतल्या चित्रांचा प्रश्न. ज्यांची परवानगी मिळाली त्यांचीच कामं छापली आहेत, आणि नाव चित्राच्या खालीच छापलं आहे, शेवटच्या पानावर बारीक अक्षरात नाही. ज्यांची मिळाली नाही त्यांचं वर्णन केलं आहे आणि काम कुठं बघता येईल ते दिलं आहे. या पानांचे फोटो काढून गटावर टाकायला आमची हरकत नाही. टाकताना खालचं नाव मात्र कापू नका.